वाघाच्या अंगावरची हिरवी रेघ

२७ ऑक्टोबर, सोमवार

आधी वाटलं गवत आहे. फोटोत वाघीण उजवी बाजू दाखवत चाललेली आणि तिच्या पोटावरून उभं हिरवं पातं. सेमाडोहच्या जंगलातल्या फोटोंत गवत असतंच, कधी कॅमेऱ्याच्या अगदी तोंडावर. पुढचा फोटो उघडला. सांबर. त्याच्याही पोटावरून तेच पातं! मग अस्वल. मग नुसता रिकामा रस्ता — आणि पातं उभंच. फोटो बंद केले. स्क्रीनवर मागे आईचा आणि धाकट्या पिंटूचा फोटो लावलेला आहे, तर पातं पिंटूच्या कानातून आरपार. तेव्हा डोक्यात उजेड पडला. गवतबिवत काही नाही. स्क्रीन गेली.

नवा लॅपटॉप! घरच्यांनी दसऱ्यासाठी घेऊन ठेवलेला! कडेचं प्लास्टिक काढायचंही अजून मन होत नव्हतं.

स्वतःलाच समजावते आहे — घाबरू नको, वॉरंटी आहे. पण माझं कामच मुळी पट्टे पाहायचं. मेळघाटात संस्थेनं लावलेल्या कॅमेऱ्यांतले फोटो येतात, त्यातला एकेक वाघ अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळखायचा, नोंद करायची. लॅपटॉप आपापला, असं करारातच लिहिलंय. नोव्हेंबर संपेपर्यंत माझ्या वाट्याचे फोटो झाले पाहिजेत. मग शेषराव सर एकाला सेमाडोहच्या केंद्रावर कायम घेणार. एकालाच! मी नाहीतर माझ्यासारखंच काम करणारा श्याम. मला जंगलात जायचंय. एम.एस्सी. केलं ते काय अमरावतीत गाडगेनगरच्या भाड्याच्या खोलीत बसून वाघांचे पासपोर्ट फोटो पाहायला?

२८ ऑक्टोबर, मंगळवार

बंद करून चालू केला. अपडेट मारले. इंटरनेटवर एक जण म्हणतो, स्क्रीनला हलक्या हाताने चोळा. चोळली. रेघ आपली जागच्या जागी.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. आधी गाणं. मग यंत्रातली बाई. मग परत गाणं. शेवटी एक खरा माणूस आला आणि म्हणाला, लॅपटॉप शकुन नावाच्या ग्राहकाच्या नावावर आहे, त्यांना फोनवर द्या. घ्या! आमच्याकडे मोठी वस्तू आली की बिल बाईच्या नावानं करायचं. फ्रिज आईच्या नावावर, पिंटूची गाडी आईच्या नावावर, बाबांचं शेतातलं फवारणीचं मशीनसुद्धा आईच्याच नावावर. नंबरही तिचाच लिहितात. त्या माणसाला मी म्हटलं, अहो, मी तिची मुलगी, वापरते मी. तो म्हणाला, तक्रार घेतो, पण विचारपूस झाली तर त्यांच्याकडेच होईल. होऊ दे. आईला काय माहीत त्यातलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

गेली! सकाळी उघडला तर रेघ नाही! नाचायचीच बाकी होते. चहा ठेवला, गाळला, येऊन पाहते तर परत उभी.

१ नोव्हेंबर, शनिवार

आता फोटो डाव्या अर्ध्या भागात ओढून पाहते. मान वाकडी झालीय. श्यामचं काम धडाधड चाललंय. तो सांगत नाही, पण मला त्याच्या तोंडावरून कळतं.

आणि आज फजिती. परवा मी एक वाघीण नवी म्हणून नोंदवली होती. अगदी खुशीत — मला सापडलेली पहिली नवी वाघीण! सरांनी आज त्यांच्या पडद्यावर तोच फोटो उघडला. तिच्या मांडीवरचा पट्टा खाली दुभंगतो. नेमकं तेच माझ्या रेघेखाली झाकलेलं; मी तसं म्हटलं. जुनीच वाघीण निघाली, दोन वर्षांपासून नोंदीत असलेली. सर म्हणाले, "वर्षाली, वाघीण नवी नाही, तुमची स्क्रीन जुनी आहे." श्याम हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

मी वॉरंटीचं सांगितलं. सर म्हणाले, ते तुमचं तुम्ही पाहा, मला नोंदी बरोबर हव्यात. बरोबरच आहे त्यांचं. तरी तळपायाची आग मस्तकात गेली. सरांचा राग नाही. त्या रेघेचा.

३ नोव्हेंबर, सोमवार

कंपनीचं अमरावतीचं सेंटर बंद झालं म्हणे. जवळचं म्हणजे अकोला. सकाळच्या बसनं लॅपटॉप मांडीवर घेऊन गेले, तान्हं पोर धरावं तसा. मूर्तिजापूरला एक बाई चढली, तिनं कापसाचं गाठोडं त्याच्यावर टेकवलं. मी ओरडले. ती म्हणाली, कापूसच तं हाय वं माय, लोखंड थोडीच हाय.

सेंटरात काउंटरवर ओमप्रकाश नावाचा माणूस. चष्मा कपाळावर, बोलणं कमी. दिव्याखाली धरून लॅपटॉप पाहिला. झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं, कीबोर्डच्या वरच्या फटीत डोळा लावून बसला. मग चिमटा घेतला आणि काहीतरी ओढून काढलं. पांढऱ्या कागदावर ठेवलं.

तांदळाचा दाणा.

मी म्हटलं, डबा खाताना पडला असेल भात. मागे रांगेत माणसं. ओमप्रकाशनं दाणा कागदासकट माझ्याकडे सरकवला. लालभडक! म्हणाला, "भाताले कुंकू नसते लागत, म्याडम."

रांगेतले दोघं फिसकन हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यानं फोटो काढले. म्हणाला, झाकण मिटताना मधे दाणा असला तर पॅनेलवर दाब येतो, कंपनी याला बाहेरून झालेलं नुकसान धरते, मग वॉरंटी लागत नाही. मी पाठवतो, ठरवतील ते. लॅपटॉप तूर्त घेऊन जा.

तिथून घरी, जुन्या शहरात. मला आठवत होतं ना सगळं! दसऱ्याला मी संध्याकाळी पोचले तेव्हा लॅपटॉप देवापुढे पाटावर होता. एका बाजूला पिंटूचे पाने-पकडी, दुसऱ्या बाजूला आईची कात्री आणि विळा. झाकणावर कुंकवाचं बोट, वर आपट्याचं पान. आत कीबोर्डवर अक्षताच अक्षता, आणि झाकण मिटलेलं. मीच त्या झटकल्या होत्या, कुंकू पुसलं होतं, आईच्या पाया पडले होते. किती छान वाटलं होतं तेव्हा!

आज मात्र आईवर चिडले. म्हटलं, विळ्यावर टाक तांदूळ, कात्रीवर टाक, या वस्तूच्या पोटात काहून टाकले? आई म्हणाली, नव्या वस्तूले पूजेबिगर हात लावतेत काय? मी झाकण उघडून रेघ दाखवली. ती कितीतरी वेळ पाहत राहिली. मग पदरानं स्क्रीन पुसली. मला बस गाठायची होती. तिनं पोळ्या आणि कोथिंबिरीची सांबारवडी बांधून दिली, तीही नीट घेतली नाही मी, पिशवी हिसकल्यासारखी केली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सांबारवडी चांगली होती. दोन उरल्या त्या घरमालकीणबाईंना दिल्या.

५ नोव्हेंबर, बुधवार

कंपनीला लांबलचक मेल लिहिला. लॅपटॉप जेमतेम महिन्याभराचा. पडला नाही, आपटला नाही, पाणी सांडलं नाही. यातलं एकही खोटं नाही. तांदळाबद्दल लिहिलं, प्रवासात काही गेलं असेल तर सांगता येत नाही. हे खोटं. पण काय करू? खरं लिहिलं तर आपल्याच हातानं फाटक लावून घेतल्यासारखं.

रेघेशेजारी दुसरी आली. गुलाबी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

फेटाळली. तक्रार फेटाळली!

मेलमध्ये इंग्रजीत सगळं व्यवस्थित. नोंदणीकृत ग्राहकाशी फोनवर बोलणं झालं, ग्राहकाने मान्य केलं की धार्मिक विधीच्या वेळी उपकरणाच्या आत धान्य ठेवून झाकण मिटलं होतं, सबब वॉरंटी लागू नाही.

नोंदणीकृत ग्राहक म्हणजे माझी आई!

फोन लावला. आई म्हणाली, हो आलता फोन, गोड बोलत होती पोरगी, मराठीतच बोलत होती. तिनं इचारलं पूजा केली होती काय, तं मी सांगतलं. कशी केली तेही सांगतलं. आपट्याचं पान, अक्षता, सगळं. मी म्हटलं, अगं, तुला कोणी सांगितलं होतं सगळं सांगायला? ती म्हणाली, "देवाचं काम. त्याच्यात खोटं कशी बोलू मी?"

आणि मग मी बोलले. मी म्हटलं, तुझ्या देवानं माझी नोकरी खाल्ली. तुझ्या त्या मूठभर तांदळानं माझं सेमाडोह गेलं. ती म्हणत होती, "आंधी आयक तं, आयक तं मी काय म्हनून राहिली..." मी ऐकलं नाही. म्हटलं, आता बस! यापुढं लॅपटॉपचं नाव तोंडातून काढायचं नाही. कंपनीचा फोन आला तरी एक शब्द बोलायचा नाही. माझ्याशीसुद्धा त्याबद्दल बोलायचं नाही.

ती म्हणाली, बरं.

मी फोन ठेवला. नंतर खोलीत नुसत्या येरझाऱ्या. भांडी घासली, घासलेली परत घासली. माझंच चुकलं का? तिचंच चुकलंय! पण "बरं" म्हणाली त्याचा आवाज कानातून जात नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आईचा फोन नाही. रविवारी ती करतेच. मीही केला नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

युक्ती सापडली. घरमालकीण सुंदराबाई खाली एकट्याच राहतात. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर. त्यांच्या हॉलात मोठा टीव्ही. मी वायर आणली आणि लॅपटॉप टीव्हीला जोडला. वाघ भिंतीएवढा! बाई खुर्ची ओढून बसल्याच. रंग जरा पिवळे येतात, सगळ्या वाघांना कावीळ झाल्यासारखे, पण पट्टे दिसतात. रेघ नाही! वायर आखूड, म्हणून टीव्हीखाली फरशीवर बसून मान वर करून पाहायचं. चालेल. सगळं चालेल.

मात्र मालिका लागेपर्यंतच. संध्याकाळ झाली की सुंदराबाई शांतपणे म्हणतात, "हटव पोरी आता तुहा वाघ, माही शिरेल लागली."

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुपार एवढीशी असते. काम मुंगीच्या पायानं. बाईंचे प्रश्न चालू. हा परवाचाच का? याची बायको कुठाय? ही पोटुशी आहे, पाहा, मी सांगते. अमुक फोटो मागे घे म्हणतात. मी घेते. त्यांचा टीव्ही आहे.

आज मी त्यांना आईचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, आपली बाजू घेतील. त्या इतकंच म्हणाल्या की आमच्यात पूजा नाही, मला त्यातलं समजत नाही, पण आईशी बोल. एवढं बोलून परत वाघाकडे पाहायला लागल्या.

बोलू काय? काय बोलू?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कंपनीच्या वरच्या साहेबांकडे अपील करता येतं, असं मेलच्या खाली बारीक अक्षरात सापडलं. केलं! या वेळी स्पष्ट लिहिलं. घरात पूजा झाली, अक्षता ठेवल्या, हे मान्य. पण दाणा जिथं सापडला तो कोपरा डावीकडचा, आणि रेघ उजवीकडे. मग दाब पडला कुठून? रेघ मधेच जाते, मधेच येते. दाबानं फुटलेली स्क्रीन अशी करते का? हे मला आधी काहून सुचलं नाही!

पाठवून टाकल्यावर फार हलकं वाटलं. राजकमल चौकात जाऊन गिलावडा खाल्ला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उत्तर आलं. अपील घेतलंय, ग्राहकाशी पुन्हा संपर्क करून निर्णय देऊ. पुन्हा संपर्क! पण आता काळजी नाही. आईला बजावून ठेवलंय. ती आता पूजेचं आणखी एक अवाक्षर काढणार नाही.

पिंटूचा फोन आला होता. आई नीट जेवत नाही म्हणाला. नव्या मिक्सरचा खोका घरी आणलाय, तो तसाच पडून आहे, आई उघडूही देत नाही आणि पूजाही करत नाही. मी म्हटलं, हवापालट हवी असेल तिला. पिंटू म्हणाला, "ताई, तू काय बोलली तिले?" मी म्हटलं, तू तुझं काम कर.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजही नाही केला तिनं फोन. मोबाइल हातात घेऊन बसले होते. नंबर काढला. मनात म्हटलं, अपिलाचा निकाल लागू दे, चांगली बातमीच सांगते, मग आपोआप गोड होईल सगळं. ठेवून दिला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

निकाल. "ग्राहकाशी संपर्क झाला. दोष केव्हापासून दिसत होता याबाबत विचारले असता ग्राहकाने माहिती देण्यास नकार दिला. मूळ निर्णय कायम."

पिंटूला विचारलं, आई काय बोलली त्यांच्याशी? तो शेजारीच होता म्हणे. आई म्हणाली, मले काई इचारू नका, मले बोलाची मनाई हाय. आणि फोन ठेवला.

चला. ऐकलं एकदाचं बाईनं माझं. फायदा काय पण! सगळ्या खटाटोपावर पाणी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

उजवी अर्धी स्क्रीन काळी. रेघाच संपल्या. त्यात सुंदराबाईंची मुलगी नातवंडं घेऊन आलीय, टीव्हीवर दिवसभर कार्टून. पोरांना वाघ दाखवला तर ती रडायला लागली.

सर म्हणाले, महिनाअखेरीच्या पुढं एक दिवस मिळणार नाही. श्यामचं झालंय. तो आता परत तपासतोय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अकोला. दुसरा इलाजच नव्हता. स्वतःच्या खर्चानं स्क्रीन बदलायची. ओमप्रकाशनं कागद पुढं केला, त्यावर लिहिलेलं — नुकसान ग्राहकाकडून झाले, वॉरंटीबाबत यापुढे तक्रार नाही. माझ्या हातानं सही केली. पॅनेल नागपूरहून येणार. लॅपटॉप तिथंच ठेवावा लागला. म्हणजे तेवढे दिवस हातावर हात.

पावती फाडता फाडता ओमप्रकाश म्हणाला, तुमचं अपील आलं होतं माझ्याकडे, मला पटलं होतं, डावीकडच्या दाण्यानं उजवीकडे रेघ कशी येईल. मी म्हटलं, मग आता सांगता? तो म्हणाला, माझ्या पटण्यानं कंपनीत काही होत नाही. मग चष्मा खाली घेत विचारलं, "पूजेच्या आंधी चालू करून नव्हता पायला का कोनी? तवाच रेघ होती असं कोनी सांगतलं असतं तं मंग भांडताच आलं नसतं त्याइले. नवा पीस आला असता तुमचा, आठवडाही नसता लागला."

मला हसूच आलं. म्हटलं, आमच्या घरी नव्या वस्तूला पूजेआधी हातही लावत नाहीत. तोही हसला. म्हणाला, आमच्याकडेही तसंच.

सेंटरातून निघाले. मोर्णेच्या पुलापर्यंत चालत गेले. पलीकडं जुनं शहर, घर दहा मिनिटांवर. आई या वेळी अंगणात तूर पाखडत असेल. पुलावर उभी राहिले. एक रिक्षावाला दोनदा विचारून गेला, कुठं जायचं ताई? आत जाऊन काय बोलायचं तेच ठरेना. माफी मागायची, तर राग अजून गेलेला नाही. राग काढायचा, तर तो तिच्यावर काढून झालाय. रिक्षात बसले आणि बसस्टँड म्हटलं.

अकोल्यात येऊन घरी न जाता परतले. असं आयुष्यात पहिल्यांदा केलं. मूर्तिजापूरपर्यंत खिडकीकडं तोंड करून रडले. शेजारचा माणूस बिचारा दुसऱ्या सीटवर जाऊन बसला.

२३ नोव्हेंबर, रविवार

खोली झाडली. पांघरुणं धुतली. परत झाडली. काम नसलं की हात शिवशिवतात.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पॅनेल आलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आलं, पण चुकीचं. दुसऱ्या मॉडेलचं. ओमप्रकाशच ओशाळला फोनवर. उद्या म्हणाला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

लॅपटॉप हातात. स्क्रीन लख्ख. वाघाच्या मिशासुद्धा मोजून घ्या! कालपासून जेवण, आंघोळ सगळं बाजूला. डोळे चुरचुरतात. तरी ढीग तसाच. सुंदराबाई वर येऊन वरणभाताचं ताट ठेवून गेल्या. काही विचारलं नाही त्यांनी, वाघाचंही नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

श्याम.

महिन्यातला कामाचा शेवटचा दिवस. सरांनी दोघांना बोलावून सांगितलं. तुमचं काम वाईट नाही वर्षाली, पण निम्मं राहिलंय, आणि केंद्रावर मला वेळेत काम देणारा माणूस हवा. मी "हो सर" म्हटलं. श्यामला "अभिनंदन" म्हटलं. तो म्हणाला, "तुझी स्क्रीन नसती गेली ना..." मी म्हटलं, असू दे. तो डिसेंबरातच सेमाडोहला जाणार. थंडीचे कपडे किती लागतील विचारत होता. मला काय माहीत! मी तिथं एकदाच गेलेय, कॉलेजच्या सहलीत.

करार संपला. खाली येऊन राजापेठपर्यंत नुसतीच चालत गेले आणि परत आले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सुंदराबाई म्हणाल्या, घरी जा. जाते.

३० नोव्हेंबर, रविवार, अकोला

दुपारी मी आईला सगळं सांगितलं, श्यामचंही. ती तूर निवडत होती, हात थांबले. मग खाली मान घालूनच विचारलं, "आता बोलू काय मी त्या ल्यापटॉपबद्दल?" म्हटलं, बोल.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, घरात कोणी नसताना, तिनं झाकण उघडलं होतं. कुंकू कुठं लावायचं ते पाहायला. तो आपोआप सुरू झाला. आणि उजवीकडं वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ. तिनं घाबरून मिटला. वाटलं, पूजेआधी हात लावला म्हणून झालं. म्हणून तर दुसऱ्या दिवशी मूठ भरून अक्षता वाहिल्या. मी आले तेव्हा रेघ नव्हती, तिला वाटलं देवानं ऐकलं.

"मी तुले सांगत होती त्या दिवशी फोनवर. मंग त्या कंपनीच्या पोरीनंही इचारलं, रेघ कव्हापासून हाय मावशी. माह्या तोंडावर आलतं. पन तू बोलू नको म्हनली होती."